रेनेसान्स वॅक्स: जुन्या तलवारीच्या पात्याला एक नंबर, म्यानाला मात्र लावू नका

निकाल आधीच सांगतो. जुनी तलवार असो, कट्यार, खंजीर, बिचवा किंवा पट्टा असो, पोलादी पातं गंजापासून सांभाळायचं असेल आणि तुमच्याकडे म्युझियमची लॅब नसेल तर रेनेसान्स वॅक्सइतकी भरवशाची दुसरी वस्तू मला तरी सापडलेली नाही. पण याच वॅक्सबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, की डबी उघडायची आणि पातं, मूठ, चामडं, लाकूड, पितळ, मखमल सगळ्यावर सरसकट फासायचं आणि मग पातं परत म्यानात घालून कपाटात ठेवून द्यायचं, झालं काम. असं केलं तर वॅक्सचा अर्धाअधिक फायदा तिथेच जातो, आणि म्यानाचं नुकसान होतं ते वेगळं. म्हणून हा रिव्ह्यू डबीचा असला तरी निम्मा म्यानाबद्दल आहे.

हे वॅक्स आलं कुठून ते थोडक्यात. 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या लॅबमध्ये याचा फॉर्म्युला तयार झाला. त्याआधी म्युझियमं मधमाशीचं मेण आणि कार्नोबा मेण वापरायची, पण या नैसर्गिक मेणांमध्ये मुळातच थोडी आम्लं असतात, आणि जी वस्तू वाचवायची तिच्यावरच आम्लाचा थर ठेवायचा हे काही बरोबर नाही. म्हणून पेट्रोलियमपासून बनणारं मायक्रोक्रिस्टलाइन मेण घेतलं, त्याचे स्फटिक साध्या पॅराफिनपेक्षा खूप बारीक असतात त्यामुळे ते धातूला नीट चिकटतं आणि साध्या मेणबत्तीच्या मेणासारखं तडकत नाही, त्यात थोडं पॉलिथिलिन मेण कडकपणासाठी, आणि हे सगळं व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे पेट्रोलियमपासून बनणाऱ्या रंगाच्या थिनरमध्ये, कालवलेलं. व्हाइट स्पिरिट उडून जातं, मागे मेणाचा अगदी पातळ, पारदर्शक, आम्ल नसलेला थर राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उद्या काढायचं झालं तर व्हाइट स्पिरिटच्याच बोळ्याने निघतं. जुन्या वस्तूवर परत काढता येणार नाही असं काहीही लावू नये हा माझ्या दृष्टीने पहिला नियम, आणि लॅकर किंवा क्लिअर कोटचे स्प्रे मी पात्यावर का मारत नाही त्याचं कारणही हेच.

डबी सहसा दोन साइझमध्ये मिळते, 65 मिली आणि 200 मिली. तीन-चार हत्यारं असतील तर छोटी डबी पुष्कळ झाली, कारण लागतं फारच कमी. आत पांढरट, घट्ट मलमासारखं वॅक्स असतं, वास रॉकेल आणि रंगाच्या थिनरच्या मधला कुठला तरी, बंद खोलीत डोकं धरू शकतं, त्यामुळे खिडकी उघडी पाहिजे आणि जवळपास गॅस किंवा पेटती उदबत्तीसुद्धा नको, ज्वालाग्राही आहे ते.

लावायची पद्धत सोपी आहे पण घाई चालत नाही. जुना, धुवून धुवून मऊ झालेला सुती कपडा घ्यायचा, बोटाच्या टोकावर गुंडाळायचा, वॅक्सला नुसता टेकवायचा, एवढंच वॅक्स एका बाजूच्या वीतभर भागाला पुरतं. पातं टेबलावर मऊ कापडावर आडवं ठेवायचं, मुठीकडून टोकाकडे जायचं, आणि हात कायम पाठीच्या बाजूने धारेकडे न्यायचा, धारेवरून उलटा कधीच नाही. लावल्यावर पोलादावर धुरकट साय आल्यासारखी दिसते. मिनिटभरात ती कोरडी पडायला लागते की लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने हलकं चोळून चकाकी आणायची. एकदम सगळं पातं फासून मग पुसायला गेलात तर सुरुवातीचा भाग कडक होऊन बसतो आणि मग घासत बसावं लागतं, म्हणून वीतभर वीतभरच करा. झाल्यावर पातं खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून बघा, कुठे लागलं नाही ते लगेच कळतं, तिथला पृष्ठभाग जरा कोरडा आणि राखाडी दिसतो, बाकी सगळीकडे पोलादाचा रंग किंचित खोल झालेला असतो. हा बदल मला स्वतःला खूप आवडतो, चकचकीत वार्निशसारखं अजिबात दिसत नाही, पातं जसं आहे तसंच पण थोडं जास्त स्पष्ट दिसतं. पातळ दोन हात दिलेले एका जाड हातापेक्षा कधीही चांगले, पहिल्या हाताला दोन-तीन तास बसू द्यायचं.

वॅक्सच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची आहे आणि तिथेच बहुतेक लोक कंटाळा करतात. वॅक्सच्या खाली जे काही राहील ते तिथेच कैद होणार. घामातलं मीठ सगळ्यात वाईट, बोटांचे ठसे पात्यावर राहिले तर काही दिवसांत त्याच आकाराचा तांबूस गंज उमटतो, रेषांसकट. म्हणून नायट्राइलचे हातमोजे. पांढरे सुती मोजे फोटोत छान दिसतात, पण ते मुठीवर घसरतात, घाम आरपार जातो आणि धारेला अडकतात, मी तलवारीसाठी त्यांच्या विरोधात आहे. जुनं तेल, चिकटा, धूळ काढायला व्हाइट स्पिरिट वापरा. लोक इथे सरळ अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल घेतात, उघड्या पोलादावर ते चालतं, पण मुठीजवळ फार सांभाळा, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलवारींचं पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बोळा ओला टिपटिपीत असेल आणि थेंब फटीतून आत गेला तर आतली लाख मऊ होऊन पातं मुठीत हलायला लागू शकतं. व्हाइट स्पिरिटने लाख विरघळत नाही, त्यामुळे त्या जागी ते जास्त सुरक्षित. याच कारणाने पातं हेअर ड्रायरने गरम करून वॅक्स लावायची जी युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात ती मुठीच्या जवळ करू नका, लाख उष्णतेनेही मऊ होते.

आता तेलाशी तुलना करतो कारण प्रश्न कायम हाच असतो की तेल काय वाईट आहे. खनिज तेल, म्हणजे मशीन ऑइल वगैरे, वाईट नाही, ते गंज रोखतं. पण ते ओलंच राहतं, धूळ धरतं, ती धूळ हवेतला दमट ओलावा धरते, पातं उभं ठेवलं तर तेल हळूहळू खाली उतरतं आणि वरचा भाग कोरडा पडतो, आणि म्यानात गेलं की लाकूड आणि चामडं ते पिऊन टाकतं. स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल तर नकोच, ते खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात, जवसासारखी तेलं वाळून पिवळट चिकट साल धरतात जी नंतर काढताना जीव जातो. पाणी हटवणारे जे स्प्रे असतात त्यांचा उपयोग पातं भिजलं तर ताबडतोब ओल काढायला, वर्षभर साठवणुकीला ते पुरत नाहीत कारण बराचसा भाग उडून जातो. वॅक्स कोरडं असतं, हाताला लागत नाही, धूळ बसली तरी फुंकरीने किंवा मऊ ब्रशने जाते, हा फरक वापरल्यावरच कळतो.

पण वॅक्स म्हणजे चिलखत नाही हेही तितकंच खरं. थर अतिशय पातळ असतो, पाण्याची वाफ आणि हवा त्यातून अगदीच जात नाही असं नाही, हळू जाते इतकंच. धारेवर, पात्याच्या मधल्या उंचवट्यावर, पाठीच्या कडेवर हात लागून लागून ते सगळ्यात आधी झिजतं. शोकेसमध्ये न हलवता ठेवलेलं पातं खूप काळ चांगलं राहतं, सारखं हाताळलं जाणारं लवकर उघडं पडतं, त्यामुळे अमुक महिन्यांनी लावा असं सरळ उत्तर नाही, मी दर ऋतू बदलाला सगळी हत्यारं काढून तिरप्या उजेडात बघतो आणि जिथे गरज तिथेच परत लावतो.

चालू गंजावर वॅक्स लावू नका, हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा. जुन्या पोलादावर गडद तपकिरी-काळा, घट्ट, गुळगुळीत थर असतो तो म्हणजे वयाचा रंग, तो सांभाळायचा, त्यावर वॅक्स छान बसतं. पण नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर तो जिवंत आहे. त्यातही खाऱ्या हवेत राहिलेल्या हत्यारांवर कधी कधी दमट दिवसांत घाम सुटल्यासारखे पिवळट-तपकिरी थेंब येतात, ते आत मीठ असल्याचं लक्षण, तिथे वॅक्सचा उपयोग शून्य आणि काम सरळ प्रशिक्षित कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं. साधा वरवरचा नारिंगी गंज असेल तर थेंबभर हलकं खनिज तेल आणि बांबूची टोकदार काडी किंवा पितळी काडी घेऊन तेवढाच ठिपका धीराने खरवडायचा, पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. सँडपेपर, ग्राइंडरचा बफ, गंज काढायची आम्लं, लिंबू, व्हिनेगर यातलं काही नको. ज्या पात्याला एकदा आरशासारखं चकाकवलं त्याचं वय, त्यावरच्या घडणीच्या खुणा, कधी कधी पुसट कोरलेली अक्षरंसुद्धा कायमची गेली, परत आणता येत नाहीत.

काही पाती अशी आहेत जिथे मी हे वॅक्स वापरत नाही किंवा फार जपून वापरतो. मुठीवर किंवा पात्याच्या मुळाशी कोफ्तगरी असेल, म्हणजे लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा पाडून त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवलेली नक्षी, तर तिथे कपडा चोळायचाच नाही. खालचं लोखंड गंजून फुगलं की सोनं वर उचललं जातं आणि ते नुसतं रेघांमध्ये अडकून राहिलेलं असतं, कपड्याचा एक धागा अडकला तरी तुकडा सुटतो. भिंगातून बघितलं तर सुटायला आलेल्या कडा दिसतात. कडा घट्ट असतील तर मऊ ब्रशने अगदी थोडं वॅक्स लावून ब्रशनेच पसरायचं, नाहीतर सोडून द्यायचं. शिवाय कोरीव खोलगट जागेत वॅक्स जास्त झालं की वाळून पांढरं दिसतं, हा या वॅक्सचा सगळ्यांना माहीत असलेला त्रास आहे, व्हाइट स्पिरिटच्या किंचित ओल्या काडीने निघतो पण कोफ्तगरीवर तेवढंही चोळणं मला नको वाटतं. जपानी तलवारीवर, नीट पॉलिश असलेल्या, मी वॅक्स सुचवणार नाही, तिथे पोलादाची बारीक पोत आणि धारेजवळची टेम्पर रेषा हेच सगळं बघायचं असतं आणि त्यासाठी त्यांची स्वतःची पद्धत शतकानुशतकं चालत आलेली आहे, जुनं तेल पुसायचं आणि लवंगेचं तेल मिसळलेल्या खनिज तेलाचा अगदी पुसट हात. आणि मुठीच्या आतल्या शेपटीवरचा गंज तर तिथे कधीच काढत नाहीत, त्यावरून तलवारीचं वय ठरवतात. वूट्झ पोलादाच्या पात्यावर मात्र वॅक्स उत्तम, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उठून दिसते, फक्त आधी कुठलंही पॉलिश मारू नका, ती नक्षी त्याने मंद होते. जावामधल्या क्रिसबद्दल एक धोक्याची गोष्ट, नक्षी उठवायला त्यांच्या पात्यांवर पारंपरिक पद्धतीत आर्सेनिक वापरतात, म्हणून मोजे घातल्याशिवाय हात नको.

आता म्यान. जुनं म्यान म्हणजे बहुतेक वेळा लाकडाच्या दोन पातळ फळ्या सरसाने जोडलेल्या, वरून चामडं किंवा मखमल, तोंडाला आणि टोकाला पितळ, लोखंड किंवा चांदीचं टोपण. एका वस्तूत चार-पाच पदार्थ आणि प्रत्येकाची गरज वेगळी. पोलादाला जितकं कोरडं तितकं बरं, लाकूड, चामडं, शिंग आणि हस्तिदंत मात्र फार कोरडं झालं की आकसतं आणि तडकतं.

चामड्याला वॅक्स का नको? जुनं चामडं सच्छिद्र असतं, व्हाइट स्पिरिट आत शिरतं, रंग आणि आतली चरबी हलवू शकतं, मेण शिवणीत आणि सुरकुत्यांत बसून पांढरं दिसतं, आणि चामड्यात गेलेलं मेण पात्यावरच्या मेणासारखं पुसून परत काढता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे चामडं मऊ करायची तेलं, सॅडल सोप, क्रीम. लोकांना वाटतं चामडं कोरडं पडलंय म्हणजे त्याला तेल पाजायला हवं. शंभर-दीडशे वर्षांच्या चामड्याचा कडकपणा तेलाच्या कमतरतेने आलेला नसतो, आतले तंतूच बदललेले असतात. तेलाने ते काळं पडतं, चिकट होतं, धूळ धरतं, आणि काही काळाने पृष्ठभागावर पांढरी भुकटी फुटते. आणि जर चामडं लालसर विटकरी पिठासारखं बोटाला लागत असेल तर तो रेड रॉट, झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याला, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या, हा रोग फार दिसतो, हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचाही त्यात हात असतो. तो उलटवता येत नाही. कॉन्झर्व्हेटर लोक अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लावून ती भुकटी बांधून ठेवतात, घरी करायचं तर कमीत कमी हात लावणं हाच उपाय, अ‍ॅसिड-फ्री टिश्यू कागदाच्या झोळीत ठेवून हलवायचं, थेट चामडं धरायचं नाही.

आणि आता ती गोष्ट ज्यावरून माझं लोकांशी सगळ्यात जास्त वाजतं. पातं म्यानात ठेवून साठवू नका. म्यान प्रवासासाठी, कमरेला लावण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी नाही. चामडं आणि लाकूड हवेतला ओलावा शोषतात आणि तो बंद जागेत पात्याच्या अंगाला लागून राहतो, कमावताना वापरलेली आम्लं असतात, लाकूडही आम्लाची वाफ सोडतं, ओक तर फारच. आतल्या तोंडाशी काळं, चिकट, जुन्या तेलाचं आणि धुळीचं कीट साठलेलं असतं, टॉर्चने बघा एकदा, त्यात वाळूचे कण असतात आणि दर वेळी तलवार आतबाहेर केली की पात्यावर लांबच्या लांब सरळ ओरखडे पडतात, तुम्ही प्रेमाने लावलेलं वॅक्सही तिथेच खरवडलं जातं. एकाच बाजूला तोंडापासून वीतभर अंतरावर गंजाचा पट्टा दिसत असेल तर समजा तिथे म्यान आतून पात्याला टेकतंय.

म्युझियमच्या स्टोअरमध्ये करतात तसं पातं आणि म्यान शेजारी शेजारी, वेगवेगळं ठेवायचं, दोघांना एकच नंबर लिहिलेली सुती फितीची चिठ्ठी बांधायची म्हणजे ताटातूट होत नाही. जपानी लोकांनी तर यावर फार सुंदर तोड काढली, पातं साध्या, न रंगवलेल्या होनोकी लाकडाच्या म्यानात विश्रांतीला ठेवायचं आणि नक्षीचं म्यान-मूठ असलेला साज वेगळा ठेवायचा, त्याच्या आत लाकडाचं खोटं पातं घालून. रिकाम्या चामडी म्यानाचा आकार राहावा म्हणून आत अ‍ॅसिड-फ्री टिश्यूची सैल गुंडाळी सरकवायची, ठासून भरायची नाही, शिवण उसवते.

म्यान आकसलं असेल आणि पातं अडकलं असेल तर ओढाताण करू नका, कोपऱ्यात दाबून नाही, दोघांनी दोन बाजूंनी ओढून नाही. ते तसंच ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. आणि साधं निघत असेल तरी पकडायची पद्धत जपा, म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूच्या शिवणीवरून कधीही वळवू नका, जुनी शिवण किंवा सरसाचा जोड सुटलेला असेल तर पातं म्यान फाडून थेट बोटांत येतं. पाठीकडच्या बाजूने धरा, धार वरच्या दिशेला ठेवा म्हणजे पातं पाठीवर सरकत बाहेर येईल. हे लहान मुलांनाच नाही, मोठ्यांनाही सांगावं लागतं.

म्यानाच्या धातूच्या टोपणांवर मात्र वॅक्स चालतं, आणि चांदीवर तर छानच, काळपट पडणं बरंच लांबतं. फक्त चामड्याला लागू नये म्हणून कडेला पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून लावायचं. पितळेखाली, चामड्याला टेकते तिथे हिरवं मेणचट काहीतरी जमलेलं दिसेल, चामड्यातल्या चरबीची आम्लं तांब्याशी मिळून ते तयार होतं, लाकडी टूथपिकने हळूच काढायचं. पितळ चकाकवायची पॉलिशं नकोत, धातू घासला जातो आणि फटीत पांढरा खडू उरतो तो चामड्यावर कायमचा दिसतो. मखमलीला तर काहीच नको, अंधार हवा. म्युझियमं कापड आणि रंगीत चामड्यासाठी 50 लक्सची मर्यादा पाळतात, म्हणजे बऱ्यापैकी मंद उजेड, उन्हाच्या खिडकीसमोर भिंतीवर टांगलेलं मखमली म्यान काही वर्षांत फिकं आणि ठिसूळ होणारच. कसर आणि कार्पेट बीटलच्या अळ्या मखमल, चामडं, शिंग सगळं खातात, म्हणून मधून मधून शिवणीत बारीक भुसा किंवा अळीची कात दिसते का ते बघत राहायचं.

वॅक्सचं काम हवेवर किती अवलंबून आहे हे बघायला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्याच, तो नसेल तर वॅक्सवर पैसे घालवण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. नुसत्या पोलादासाठी 40 टक्क्यांच्या खाली आर्द्रता चांगली, लाकूड-चामडं-हस्तिदंतासाठी 45 ते 55, आणि दोन्ही एकाच कपाटात असतील तर 45 च्या आसपास स्थिर ठेवणं ही तडजोड. 65 च्या वर गेलं की गंज आणि बुरशी दोन्ही वेग धरतात. हायग्रोमीटर खरं सांगतो का ते तपासायची सोपी युक्ती, बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, ते आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एकत्र रात्रभर ठेवा, आकडा 75 च्या जवळ आला पाहिजे. जितका फरक तितका मनात धरून चालायचं. ही परीक्षा हत्यारांपासून लांब करा अर्थातच, मीठ आहे ते.

ओलावा शोषणारं सिलिका जेल नुसत्या पात्याच्या हवाबंद डब्यात बिनधास्त ठेवा, म्यानाच्या डब्यात सुकं जेल भरून ठेवू नका, लाकूड फाटेल. निळ्याचं गुलाबी होणारं जेल कोबाल्ट क्लोराइडवालं, ते विषारी, नारिंगी प्रकार घेतलेला बरा. गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद पोलादी पात्यासाठी बंद डब्यात उपयोगी आहे, पण प्रत्येक प्रकार पितळ-तांब्याला चालतोच असं नाही आणि चामड्याशेजारी तर मी ठेवत नाही.

डबा कशाचा हेही बघा. पॉलिप्रोपिलिनचा घट्ट झाकणाचा डबा आणि आत पॉलिथिलिनचा फोम, पात्याच्या आकाराचे खाचे कापलेला, यावर माझा भरवसा आहे. लांब लवचिक पट्टा पूर्ण लांबीला आधार देऊन सरळ ठेवायचा, वाकवून नाही. गाद्यांचा पिवळा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत चिकट चुरा होतो, पीव्हीसी प्लास्टिक सडताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, लोकरी फेल्ट आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, एमडीएफ आणि ओकची खोकी आम्लाची वाफ सोडतात. साठवणुकीचं सामान तपासायची ऑडी टेस्ट 1973 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्येच अँड्र्यू ऑडी यांनी काढली, चांदी, तांबं आणि शिशाचे तुकडे त्या सामानासोबत काचेच्या बंद नळीत, थोड्या पाण्यासह, 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात आणि कुठला तुकडा खराब झाला ते बघतात. फोम किंवा कापड घेताना विक्रेत्याला ऑडी टेस्ट पास आहे का विचारायला काहीच हरकत नाही, चांगला विक्रेता नीट उत्तर देतो.

परत डबीकडे. कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे उघडं पोलाद आहे, लोखंडी मूठ आहे, चांदीची किंवा पितळी टोपणं आहेत त्यांनी नक्की. ज्यांच्याकडे फक्त मखमली किंवा चामडी म्यानं आहेत त्यांनी हे पैसे हायग्रोमीटर आणि टिश्यू कागदावर घालवावेत. सुट्टं, दुसऱ्या डबीत भरून विकलेलं वॅक्स घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही आणि कार वॅक्समध्ये असतात तसे बारीक घासणारे कण त्यात असतील तर पात्याचा वयाचा रंग एका चोळण्यात जाईल. डबीचं झाकण प्रत्येक वेळी घट्ट दाबून लावा, व्हाइट स्पिरिट उडून गेलं की वॅक्स वरून कडक होतं. तसं झालं तर टाकून देऊ नका, व्हाइट स्पिरिटचे दोन-चार थेंब घालून झाकण लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी काडीने ढवळा, पुन्हा मऊ होतं. वापरलेले कपडे चुरगाळून कचऱ्यात टाकायचे नाहीत, बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्यायचे आणि मग टाकायचे.